छिंगहाओचा काढा आणि हिवताप: एका दाव्याचा प्रतिवाद

छिंगहाओ या चिनी वनस्पतीचा उकळलेला काढा रोज घेतल्यास हिवताप होत नाही, झालेला बरा होतो, या प्राचीन उपायाला नोबेल मिळाले आहे आणि वनस्पतीच असल्याने त्यापासून अपाय नाही, असा संदेश सर्वत्र फिरत आहे.

नोबेल मिळाले हे खरे, पण ते काढ्याला नव्हे. चिनी शास्त्रज्ञ यूयू तू यांना २०१५ मध्ये ते मिळाले या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे हिवतापावर गुणकारी द्रव्य वेगळे काढल्याबद्दल. त्यांनी परंपरेचा आधार घेतला होता, हे आवर्जून सांगायला हवे. मात्र चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे लिहिले आहे, उकळावे असे नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे यूयू तू यांना त्यावरूनच सुचले आणि १९७१ मध्ये सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरून काढलेला अर्क उंदरांतील हिवतापावर परिणामकारक ठरला. परंपरेचा दाखला देणारा हा संदेश तिची मूळ कृतीच मोडतो.

काढ्याने आजार बरा होतो, हा दावा अधिक घातक आहे. आर्टेमिसिनिन पाण्यात फारच कमी विरघळते आणि पानांतील त्याचे प्रमाण वाण, तोडणी व वाळवणीनुसार बदलते. काँगोमधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या वनस्पतीच्या चहाने सातव्या दिवशी सरासरी ७४ टक्के रुग्ण बरे दिसले, क्विनीन या हिवतापाच्या औषधाने ९१ टक्के. पुढच्या आठवड्यांत मात्र चहा घेतलेल्या बहुतेकांचा आजार उलटला. फाल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकारात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.

रोज घेण्याचा सल्ला तर इतरांनाही भोवणारा आहे, कारण अपुऱ्या मात्रेतून वाचलेले परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच आर्टेमिसिनिन वर्गातील गोळी एकटी न देता दुसऱ्या औषधासोबत दिली जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वनस्पतीच्या चहासारख्या प्रकारांना पाठिंबा नाकारला.

अपाय नाही, हेही खोटे आहे: आर्टेमिसिनिनयुक्त वनस्पतिजन्य पूरक घेतलेल्या रुग्णाला यकृतदाह झाल्याची नोंद अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

चैत्रात देवाला वाहिला जाणारा आपला दवणा छिंगहाओचा नातलग असला, तरी ती वेगळी वनस्पती आहे आणि वरील संशोधन तिला लागू पडत नाही. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात थंडीताप आल्यास आशाताईंकडून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि मिळालेल्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स संपवावा.