दहा मुले परवडत असताना एकच का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

समाजात समृद्धी आली की कुटुंबे लहान होत जातात, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण बीड जिल्ह्यातील माजलगावहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवून तीन हरकती घेतल्या आहेत. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मुले जास्त परवडतात, म्हणून माझे विधान हिशेबाच्या उलटे आहे, ही पहिली. आपल्या भागातील ऊसतोड मजूरही आता दोन-तीन मुलांवर थांबतो, त्याच्या घरी कोणती समृद्धी आली, ही दुसरी. आणि मुली शिकल्या, नोकरीच्या मागे लागल्या, एवढेच खरे कारण आहे, ही तिसरी. शेवटी आपण मला एक व्यक्तिगत प्रश्नही विचारला आहे. त्याकडे शेवटीच येतो.

दुसऱ्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात सर्वांत जास्त तथ्य आहे. ‘समृद्धी आली की’ हे शब्द मी सैलपणे वापरले, हे मान्य. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस, कारखानदारी रुजण्याच्या आधीच, जन्मदर उतरू लागला होता. बांगलादेशात १९७० च्या दशकात एका स्त्रीमागे सहाहून अधिक मुले होत असत. तो देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता हा आकडा अडीचच्या खाली आला. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे २.९ मुले होती, २०१९-२१ मध्ये १.७ होती, आणि लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी साधारण २.१ लागतात. एवढी घसरण केवळ बंगलेवाल्यांमुळे होणे शक्य नाही.

पण मग आपल्याच उदाहरणाकडे जवळून पाहू. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) त्या कोयत्यावर मिळते. बायको बाळंतीण असली की कोयता अर्धा पडतो आणि उचल अंगावर राहते. पूर्वी आठ-दहा वर्षांचे पोर उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करी, मोळ्या बांधायला हात लावी, धाकट्याला सांभाळी. म्हणजे त्याच्या खाण्याचा खर्च तेच बऱ्याच अंशी भरून काढी. आज आमच्या गावातून दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात तेव्हा अनेक आईबाप शाळा बुडू नये म्हणून मुलाला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जातात. (सगळेच ठेवू शकत नाहीत, हेही खरे, फडावर मुले अजून दिसतात.) त्या घरात समृद्धी आलेली नाही, परंतु मुलाने कमवायचे नसून शिकायचे आहे, ही संपन्न घरांतील अपेक्षा तेथे पैशाच्या आधी पोहोचली आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७६ मध्ये मांडलेली गोष्ट हीच होती: जोवर धन आणि श्रम मुलांकडून आईबापांकडे वाहतात तोवर जास्त मुले फायद्याची असतात, आणि प्रवाह उलटला की माणसे आपोआप आखडता हात घेतात.

दुसरा बदल मृत्यूचा आहे. माझी आजी जिंतूर तालुक्यातील. कोणी विचारले की म्हणायची, “आठ झाली, पाच हाताला लागली.” दोन्ही आकडे ती नेहमी एका दमात सांगे. १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये २८. पाच हवी म्हणून आठ होऊ देण्याची गरज उरली नाही. जमिनीचेही तसेच. राज्यात एका शेतकऱ्याकडील सरासरी जमीन, म्हणजे धारणक्षेत्र, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. आजोबांच्या शेतात चार भाऊ कामाचे होते. माझ्या वाट्याच्या तुकड्यावर दुसरा माणूस उभा करायचा तर बांधावरच उभा करावा लागेल.

आता आपल्या पहिल्या हरकतीकडे वळतो. श्रीमंताला दहा मुले परवडतात, हे दहा ताटे वाढण्यापुरते खरे आहे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० मध्ये मांडले की उत्पन्न वाढले की आईबाप मुलांच्या संख्येपेक्षा प्रत्येक मुलावरचा खर्च अधिक वाढवतात. शिवाय ज्याचा तास महाग, त्याला मूल वाढवण्यात गेलेला तासही महाग पडतो. हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. माझ्या चुलतभावाने, जो जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक आहे, मुलाला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवले. त्याची वही मी पाहिली आहे. क्लासची फी, खोलीभाडे, मेस, टेस्ट सिरीज, आणि दर दुसऱ्या रविवारी डबा घेऊन जाणाऱ्या आईचे एसटीचे तिकीट. शेवटच्या पानावर ‘रिपीट वर्ष?’ असे लिहून पुढे रक्कम मोकळी सोडली होती. दुसरे मूल त्या वहीत मावले नसते, आणि तरी चुलतभावाचा पगार असा की आमच्या आजोबांनी तो स्वप्नातही पाहिला नव्हता. दक्षिण कोरियात लातूरसारखे क्लास जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहेत. तेथे २०२३ मध्ये एका स्त्रीमागे ०.७२ मुले जन्मली. सरकारने अनुदानांवर अनुदाने दिली तरी २०२४ चा आकडा ०.७५ च्या पुढे गेला नाही, कारण अनुदान मुख्यतः बाळंतपणाचे आणि लहानपणाचे मिळते आणि आईबापांना भीती बारावीची असते.

तिसऱ्या हरकतीशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. शिक्षणाने जन्मदर उतरतो, हे जगभर दिसते. परंतु आपण ते ज्या सुरात लिहिलेत तो सूर आपल्याच जिल्ह्यावर बसत नाही. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत परभणी आणि बीड या जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुली कोणत्या नोकरीच्या मागे लागल्या होत्या? अठराच्या आत लग्न, लगोलग दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आसपास नसबंदीचे ऑपरेशन, हा आपल्याकडचा रूढ क्रम आहे, आणि त्यात बाईचे मत विचारले गेलेच असेल असे नाही. ऑपरेशन पुरुषाने करून घेतल्याचे तर क्वचितच ऐकू येते. मुले कमी हवीत, पण मुलगा हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्यावर काय होते, तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे: २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्याचा दोष शिकलेल्या सुनेवर कसा टाकायचा?

राहिला आपला प्रश्न: “स्वतःला किती आहेत?” एक मुलगी आहे. दुसऱ्याचा विचार होता. तेव्हा पत्नी तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि रजा म्हणजे त्या महिन्याचे मानधन गेले, असा प्रकार होता. त्यातच आई अंथरुणाला खिळली. पुढच्या वर्षी पाहू, असे आम्ही चार वर्षे म्हणत राहिलो. पाचव्या वर्षी तो विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.