मानेतली गाठ चोळू नका

सध्या एक पोस्ट घराघरांतल्या ग्रुपवर फिरते आहे, सोबत व्हिडिओही असतो. तिचं म्हणणं थोडक्यात असं: लसिका, म्हणजे लिम्फ, हे शरीराचं गटार. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लिम्फला नाही, म्हणून त्यात विषारी द्रव्यं तुंबतात. रोज सकाळी कॉलरबोन, मान, काख, पोट, जांघ आणि गुडघ्यामागे अशा सहा जागी थोपटायचं. हाताला गाठ लागली तर तो साचलेला मळ. तेल लावून चोळली की विरघळते. वर गुळवेलीचा काढा आणि लिंबूपाणी घेतलं की इम्युनिटी दुप्पट.

थोपटण्याने सहसा कुणाचं फारसं बिघडत नाही. माझा खरा आक्षेप गाठीच्या वाक्याला आहे. पण आधी गटाराकडे वळू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत पाझरत असतात. पेशींच्या आजूबाजूला उरलेला हा द्रव लसिकावाहिन्या उचलतात, दिवसाला काही लिटर. आणि नेऊन सोडतात कुठे? बराचसा भाग छातीतल्या एका मोठ्या नळीतून वर चढून मानेच्या बुडाशी, डाव्या कॉलरबोनमागे, सरळ रक्तात. गटाराचं पाणी कुणी परत विहिरीत सोडतं का? जेवणातलं तेल-तूपही बहुतांशी याच वाटेने रक्तात पोचतं. पुरणपोळीवर तुपाची धार धरून जेवलात की आतड्याकडची लसिका दुधासारखी पांढरी होते. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली या शल्यविशारदाला नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात अशाच पांढऱ्या रेषा दिसल्या होत्या. राहिलं विष. ते नेमकं कोणतं, हे पोस्ट कधीच सांगत नाही. दारू आणि बहुतेक औषधं यकृत हाताळतं, युरिया मूत्रपिंडं बाहेर टाकतात.

पंप नाही हे अर्धंच खरं. लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात, ते आपले आपण आकुंचन पावतात. आत झडपा असतात, त्यामुळे द्रव मागे फिरत नाही. चालताना पोटऱ्यांचा दाब आणि श्वासाची हालचाल यांचीही मदत होते. तेव्हा चाला, जरूर चाला. त्यासाठी विषाची भीती घालायची गरज नाही.

लसिका खरोखर अडली तर काय होतं ते बघायला गडचिरोली-चंद्रपूरकडे जावं. हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत मुक्काम करतात, झडपा निकामी होतात आणि पाय वर्षानुवर्षं सुजत जातो. तो थोपटून उतरत नाही. म्हणून तर तो मुळात होऊच नये यासाठी तिकडे आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन समोर गोळ्या गिळायला लावतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड, म्हणजे लसिकेच्या वाटेवर प्रत्येकाच्याच अंगात असणाऱ्या छोट्या गाठी) काढल्यावर कधी हात सुजतो, तेव्हा प्रशिक्षित माणसाकडून हलक्या हाताने मसाज, पट्टी बांधणं, व्यायाम असे उपचार होतात. व्होडर दांपत्याने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये ही मसाजची पद्धत मांडली. पोस्टवाल्यांनी ती तिथून उचलली आणि ज्याला सूज नाही त्याच्याही गळ्यात मारली.

आता गाठ. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, घसा सुजला की जबड्याखाली दुखरी गाठ लागते. ती मळाची गोळी नसते. जखमेजवळच्या पहारेकरी पेशी, डेंड्रिटिक सेल, जंतूचे तुकडे घेऊन लसिकेतून जवळच्या लसिकागाठीत येतात. एखाद्या विशिष्ट जंतूला ओळखणारी टी-पेशी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते. ती सापडावी म्हणून गाठीतून लिम्फोसाइट पेशींची ये-जा अखंड चालू असते. संसर्ग आला की बाहेर पडण्याची वाट काही काळ रोखली जाते, आत येणाऱ्यांचा ओघ वाढतो, आणि जुळणारी पेशी सापडली की ती दिवसांत हजारो पटींनी वाढते. गाठ फुगते ती यामुळे. कोविडची लस घेतल्यावर कित्येकांच्या काखेत गाठ आली, ती हीच. काम संपलं की बहुतेक गाठी आपसूक बसतात. तेलाला श्रेय मिळतं ते इथे.

ज्या बसत नाहीत त्यांची मला काळजी आहे. आपल्याकडे मानेत हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी गाठ टीबीची असू शकते. जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणत. लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग, तोही असाच, न दुखता येतो. डाव्या कॉलरबोनच्या वरची टणक गाठ कधी पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते. दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी, टणक, जागची न हलणारी किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन असलेली गाठ डॉक्टरांना दाखवायची असते. बारीक सुईने थोडा अंश काढून तपासतात. टीबी निघाला तर औषधं साधारण सहा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. चोळण्यात घालवलेले महिने मात्र कुणी परत देत नाही.

इम्युनिटी दुप्पट करणं ही तर भलतीच हौस. तीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटली की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होतो, स्वादुपिंडावर उलटली की टाइप-१ मधुमेह. तिला आवरायला शरीराने वेगळ्या टी-पेशी ठेवल्या आहेत. त्यांच्या शोधासाठी ब्रंकाउ, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. गुळवेलीबद्दल इतकंच: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू राहील, पण थायरॉईड किंवा यकृताचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारा) आजार असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता रोज काढा ढोसू नये.

लिंबूपाणी उन्हाळ्यात छान लागतं.