मला मोजतात, पण मत नाही

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत सुरू झालंय, मतदारसंघांची फेररचना होणार आणि कोकणाच्या अजून सीटा जाणार. भीती खोटी नाहीये. 2008 ला आमचा संगमेश्वर गेला, खेड गेला, तिकडे मालवण, वेंगुर्ला गेले, विधानसभेच्या एकूण सीटा 288 च राहिल्या आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा (पालघर धरून) 13 वरून 24 वर. म्हणून एक दादा म्हणतायत, "तिकडे सगळी परप्रांतीयांची गर्दी, लोकसंख्या कशाला धरता, फक्त मतदार धरा."

दादा, ही मागणी इकडे टेक्सासमध्ये होऊन गेलीय. इथल्या राज्य सिनेटचे 31 मतदारसंघ एकूण लोकसंख्येवर पाडतात, म्हणजे लहान पोरं, व्हिसावाले, कागद नसलेले सगळे धरून. दोन मतदारांनी केस टाकली की आमच्या मतदारसंघात मतदार जास्त, दुसरीकडे कमी, तरी सीट एकच, म्हणजे आमच्या मताची किंमत घटली. गणित चूक नव्हतंच. पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2016 मध्ये 8-0 ने उडवून लावलं, न्यायमूर्ती गिन्सबर्गनी लिहिलं की निवडून आलेला माणूस मत नसलेल्यांचाही प्रतिनिधी असतो. (राज्याने स्वतःहून फक्त मतदार धरले तर चालेल का, हे मात्र कोर्टाने तसंच सोडून दिलं.)

मी डॅलसजवळ, व्हिसावर. मत नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो आणि माझी मुलगी त्याच शाळेत. दादांच्या हिशोबाने आम्ही दोघंही शून्य. उलट गावच्या यादीत माझं नाव आहे, 2010 च्या दुरुस्तीने एनआरआयला तो हक्क दिलाय, फक्त पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर उभं राहायचं, म्हणजे झालंच मतदान!

चाकरमान्यांचं तर अजून भारी आहे. राहायला नालासोपारा नाहीतर डोंबिवली, नाव गावच्या यादीत, मतदानाला एसटी भरून गावी, पण जनगणनेत मोजले जातात तिकडे. त्या 24 सीटांमध्ये आपलीच माणसं किती, हे ग्रुपवर कोणी बोलत नाही. फक्त मतदार धरले तर कोकणाला एखादी सीट परत मिळेलही, मान्य, पण मग नालासोपाऱ्यात पाण्याचा टँकर आला नाही तर फोन कोणाला लावणार, चिपळूणच्या आमदाराला?