मागे बसणाऱ्यांनो, किल स्विच कुठे असतो ते बघून ठेवा

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या अलीकडे, ह्यांनी बाईक चालवता चालवता मान टाकली. ह्यांना शुगर आहे. इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं. त्याआधी दोन मिनिटं मी एक विचारत होते आणि हे भलतंच उत्तर देत होते. मी चिडले. साखर 70 च्या खाली उतरली की घाम फुटतो, आणखी उतरली की माणूस असंबद्ध बोलायला लागतो, शुद्ध त्यानंतर हरपते. तेव्हाच गाडी बाजूला घ्यायला लावायला हवी होती. ती दोन मिनिटं मला अजून छळतात.

मी ड्रेसमध्ये होते, दोन्हीकडे पाय टाकून बसले होते, म्हणून निभावलं. साडीत एका बाजूला बसले असते तर काही करता आलं नसतं.

मूठ सुटली की अ‍ॅक्सिलरेटर स्प्रिंगने मागे फिरतो, वेग उतरतो. चालती बाईक लगेच आडवी होत नाही, अगदी हळू झाली की कलते. तेवढेच सेकंद आपले. चालवणाऱ्याचा भार हँडलवर जाऊ द्यायचा नाही. मी डाव्या हाताने ह्यांना छातीशी घट्ट ओढलं आणि वेग उतरल्यावर उजव्या मुठीजवळचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, दाबला. हँडल हिसकलं नाही. पुढचा ब्रेक करकचून दाबला असता तर तिथेच आपटलो असतो. गाडी गिअरमध्ये होती, धक्के देत थांबली आणि डावीकडे कलंडली. गुडघा सोलला, बस. एका रिक्षावाल्या दादांनी मागे रिक्षा आडवी लावून गाड्या अडवल्या. ह्यांना गिळता येत होतं, म्हणून साखरपाणी दिलं. पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा.

कायदा मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट मागतो, गाडीला साडी गार्ड मागतो. पण गाडी थांबवायची कशी, हे मागच्याला कुणीच शिकवत नाही. निम्म्या घरांत मागे बायको नाहीतर आई बसते, आणि डावीकडची दांडी स्कूटरला ब्रेक, बाईकला क्लच, एवढंही तिला माहीत नसतं. मला हे फार चुकीचं वाटतं.

आम्ही आता रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर लावतो, इंजिन बंद. हे अंग सैल सोडतात, मी मागून धरते, स्विचपर्यंत हात नेते. काल लेकीला बसवलं. तिचा हात पोचत नाही. सध्या ह्यांच्या मागे ती एकटी बसत नाही.