नाव तेच, कोअर तोच, पण बॉल तो नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परखड आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. स्टॉर्म कंपनीच्या आयक्यू टूर या जुन्या बोलिंग बॉलला पर्याय शोधताना 'नुसतं नाव आणि कोअर (आतला वजनी गाभा) बघून बॉल घेऊ नका' असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की त्याच नावाच्या आयक्यू टूर एमराल्डमध्येही तोच सी-थ्री कोअर आहे, आरजी (वजन केंद्रापासून किती दूर पसरलंय त्याचं माप) २.४९ आणि डिफरन्शियल (बॉल किती वळू शकतो याचा अंदाज देणारा आकडा) ०.०२९ हेही तेच, मग शोधत बसायचं कशाला? शिवाय जुना बॉल तापवून त्यात मुरलेलं लेनवरचं (बॉल धावतो त्या पट्टीवरचं) तेल काढलं की नव्यासारखा होतो, मी लोकांना उगाच खर्चात पाडतोय.

आकडे बरोबर आहेत. पण ते बॉलच्या पोटातले. लेनला टेकतं ते कव्हर, म्हणजे बॉलचं बाहेरचं आवरण. जुन्या आयक्यू टूरचं कव्हर सॉलिड प्रकारचं होतं, एमराल्डचं पर्ल प्रकारचं आहे. फाउल लाइनपासून (जिच्यामागून बॉल सोडतात ती रेघ) हेड पिनपर्यंतच्या (सगळ्यात पुढची पिन) ६० फुटांपैकी साधारण पहिल्या ४० फुटांत तेल असतं. सॉलिड तिथेच लेन धरायला लागतो आणि शांतपणे, एकसारखा वळत पॉकेटकडे (हेड पिन आणि तिच्या शेजारच्या पिनमधली फट) येतो. पर्ल तेलावरून घसरत पुढे जातो आणि कोरड्यात पोचला की झटक्यात वळतो.

लीगच्या तिसऱ्या गेमला हे नीट बघा. तोवर उजव्या हाताच्या खेळाडूंनी लेनवर काढलेल्या दुसऱ्या बाणाजवळचं तेल पार उडवलेलं असतं. जुना आयक्यू टूर असेल तर पाय लेनच्या दोन फळ्या (उभ्या पट्ट्या) डावीकडे सरकवायचे, की तो पुन्हा पॉकेटमध्ये. पर्ल मात्र त्याच कोरड्या पट्ट्यात शिरला की हेड पिन ओलांडून थेट ब्रुकलिनला, म्हणजे तिच्या पलीकडच्या बाजूला, जातो. ज्याला हा बॉल आवडायचा, त्याला आवडायचा तो हा शांतपणा, आणि तो कागदावरच्या आरजीत दिसत नाही. एमराल्ड वाईट नाही. बॅगेत दोन्ही असले तर उत्तमच. पण एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

म्हणून पर्याय शोधताना मी आधी सॉलिड कव्हर बघतो, मग कमी डिफरन्शियल, मग सिमेट्रिक (सगळ्या बाजूंनी सारखा) कोअर. कंपनी कोणती का असेना. नव्या बॉलला बोटांची भोकं ड्रिल करायच्या आधी प्रो शॉपमध्ये (बोलिंगच्या सामानाच्या दुकानात) आपला पीएपी (सोडलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचा बॉलवरचा बिंदू) पुन्हा मोजून घ्या. वयाबरोबर वेग आणि मनगट बदलतं, मग जुन्या बॉलचा लेआउट (भोकांची मांडणी) जसाच्या तसा उतरवून काय उपयोग? आणि तुलना करायची तर दोन्ही बॉलवर एकाच ग्रिटचा (खरखरीतपणाचा) घासायचा पॅड फिरवून मगच. घासून घासून गुळगुळीत झालेला जुना आणि खोक्यातून नुकताच काढलेला नवा शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आता तापवण्याचं. कोमट पाण्याने किंवा दुकानातल्या यंत्राने तेल निघतं, बॉलमध्ये थोडी जान येते, हे मान्य. पॅड मारून सरफेस ताजा केल्यावर तो पुन्हा चालला तर नवा घेऊच नका, मी आनंदाने तेच सांगेन. पण रेझिनचं कव्हर वर्षानुवर्षं तेल पितं आणि मूळची पकड गमावतं. ती उष्णतेने परत येत नाही. घरच्या ओव्हनमध्ये तर बॉल कधीच घालू नका, तडकतो. तडकलेला बॉल प्लग करूनही (भेगा बुजवूनही) भरवशाचा राहत नाही.

एक मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण फार महत्त्वाचा आहे. यूएसबीसीने (अमेरिकेची बोलिंग संघटना) १ ऑगस्ट २०२० पासून बॅलन्स होल (वजनाचा तोल बदलायला पाडलेलं जास्तीचं भोक) बंद केलं. ज्यात बोट जात नाही असं भोक असलेला बॉल त्यांच्या अधिकृत लीगमध्ये चालत नाही, ते बुजवावं लागतं. आणि ते बुजवलं की बॉलचा फ्लेअर (फिरताना अक्ष किती सरकतो ते) बदलतो. तुमच्या आठवणीतला बॉल त्या भोकासकटचा असेल, तर खुद्द तोच बॉल आज तसा वळणार नाही, नव्याची तर गोष्टच सोडा. तुमच्या बॉलला असं भोक आहे का, आणि सध्या त्यावर कोणता ग्रिट आहे, एवढं कळवा. मग नेमका कोणता बॉल बघायचा ते नक्की सांगतो.