‘देवकण’ सगळ्यांना वस्तुमान देतो?

‘हिग्ज बोसॉन हा देवकण असून विश्वातल्या प्रत्येक वस्तूला तोच वस्तुमान देतो, आणि तो असल्याची आता ९९.९९९९ टक्के खात्री झाली आहे,’ हे विधान ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेने या मूलकणाच्या शोधाची घोषणा केल्यापासून फिरत आहे. लोकांना सोपे करून सांगायचे तर एवढे चालायचेच, असे त्याचे समर्थनही होते.

‘देवकण’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ लेऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकामुळे रूढ झाले. त्याचा देवाशी काही संबंध नाही, आणि ज्यांचे नाव या कणाला मिळाले त्या खुद्द पीटर हिग्ज यांनाही ते आवडत नसे.

वस्तुमानाबद्दलची चूक अधिक गंभीर आहे. प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान सांगण्याचे एकक) आहे, तर त्यातील क्वार्क नावाच्या तीन मूळ कणांच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम नऊच्या आसपास भरते. म्हणजे हिग्ज क्षेत्रामुळे (सगळ्या अवकाशात पसरलेले, मूलकणांना वस्तुमान देणारे क्षेत्र) येणारा वाटा साधारण एक टक्का. उरलेले बहुतेक सगळे वस्तुमान क्वार्कची गती आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा यांतून येते. म्हणून हिग्ज क्षेत्राचे काम क्षुल्लक आहे असे मात्र नाही. इलेक्ट्रॉनला वस्तुमान तेच देते. अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे इलेक्ट्रॉन वस्तुमानहीन असता तर अणूच बनले नसते. शिवाय वस्तुमान देते ते क्षेत्र. बोसॉन हे त्या क्षेत्रातले स्पंदन आहे. हे क्षेत्र समजावताना दिली जाणारी, मधातून वाट काढणाऱ्या माणसाची उपमाही फसवी आहे, कारण मध वेग कमी करतो, हिग्ज क्षेत्र करत नाही. ही उपमा खरी मानणारा विद्यार्थी न्यूटनचा पहिला नियमच (बल नसेल तर वस्तूचा वेग बदलत नाही) गमावून बसतो.

ती ९९.९९९९ टक्के खात्री येते ‘पाच सिग्मा’ या शोध जाहीर करण्याच्या सांख्यिकी निकषातून, आणि त्याचा अर्थही उलटा लावला जातो. नवा कण नसताना केवळ पार्श्वभूमीच्या (आधीच माहीत असलेल्या प्रक्रियांच्या) चढउतारामुळे नोंदींच्या आलेखात किमान इतका उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक, एवढेच तो निकष सांगतो. कण असण्याची टक्केवारी ती नव्हे.

सोपेपणाचा मुद्दा धोरणकर्त्यांपुढे तर अंगलटच येतो. वस्तुमानाचे सगळे कोडे सुटले असे एकदा सांगितले, की नवा कोलायडर (कणांची टक्कर घडवणारे यंत्र) कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्तच ठरतो. खरे उत्तर असे आहे की हिग्जचे इलेक्ट्रॉनशी असलेले नाते अजून थेट मोजता आलेले नाही, हिग्जची स्वतःशी होणारी आंतरक्रिया पुरेशा अचूकतेने ठरलेली नाही, आणि न्यूट्रिनो या अतिशय हलक्या कणांना वस्तुमान कसे मिळते हेही उलगडलेले नाही.