मुलगा सारखा पडतोय? टॉनिक नको, आधी सीपीके करा

चार-पाच वर्षांचा मुलगा पळताना सारखा पडत असेल, जिना कठडा धरूनच चढत असेल, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवा होऊन मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत उभा राहत असेल तर प्लीज त्याला आळशी म्हणू नका. सीपीके नावाची साधी रक्ताची तपासणी असते, आपल्या नाशिकमध्ये सहज होते, ती करून घ्या.

माझ्या भाच्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, डॉक्टर नुसतं डीएमडी म्हणतात. हे नाव कळेपर्यंत सगळे प्रकार झाले. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, टणक, त्यामुळे येणारा जाणारा म्हणायचा पोरगा पैलवान होणार! त्या पोटऱ्याच खरं तर आजाराची खूण होती, स्नायू झिजून तिथे चरबी आणि चिवट ऊती भरत जातात म्हणून त्या जाड दिसतात. मग रिपोर्टमध्ये लिव्हरसाठी बघतात ती एसजीओटी एसजीपीटी एन्झाइम्स वाढलेली आली तर एका दवाखान्यात लिव्हरचं औषध सुरू केलं. अहो ही एन्झाइम्स स्नायूंमध्येही असतात, स्नायू तुटले की तीही रक्तात उतरतात. कावीळ नाही, काही नाही, आणि पोरगं महिनोन् महिने लिव्हरचं सिरप पितंय! त्याच वेळी कोणी सीपीके लिहून दिली असती तर कळलं असतं, कारण ती साधारण दोनशेच्या आत हवी आणि या मुलांची हजारांत येते, दहा हजारांच्याही वर जाते.

‘नसांची कमजोरी’ म्हणून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनंही झाली. पण यात नसा ठीक असतात, मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत व्यवस्थित पोचतो, बिघाड स्नायूतच असतो. डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन तयारच होत नाही. शॉकअप नसलेली गाडी रोज खड्ड्यांतून पळवली तर तिचं जे होईल तेच त्या स्नायूचं प्रत्येक हालचालीत होतं. म्हणून जोर-बैठका काढायला लावून, दामटून चालवून ताकद येत नाही, उलट नुकसान होतं.

आता जे लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो ते. डिस्ट्रोफिनचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्यांत एक्स एकच, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो आणि बऱ्याचदा आईकडून येतो. एवढं अर्धवट ऐकून आमच्याकडच्या बायका वहिनीला म्हणाल्या, आमच्या घराण्यात असं कोणाला नव्हतं हो. तिच्याच घरात तिला गुन्हेगार केलं! साधारण तीनात एका मुलात हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. आणि असला तरी तिने काय तो बाजारातून निवडून आणला का? आईची जीन टेस्ट करायची ती पुढच्या बाळंतपणाआधी कळावं म्हणून, तिच्या बहिणींना सावध करता यावं म्हणून, आणि वाहक बाईच्या (जिच्यात हा बिघडलेला जीन आहे तिच्या) स्वतःच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो म्हणून. दोष काढायला नाही.

बरं करणारं औषध आज नाही. पण स्टेरॉइड वेळेवर सुरू केलं तर चालणं काही वर्षं जास्त टिकतं (मनाने अचानक बंद करायचं नाही, ते धोक्याचं आहे), घोट्यांचं स्ट्रेचिंग रोज, हृदयाची इको आणि श्वासाची तपासणी ठरल्या वेळी. स्टेम सेल उपचारांचे व्हिडिओ कृपा करून आम्हाला पाठवू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये स्टेम सेलला मान्यता फक्त रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांत आहे, यासाठी नाही, आणि आईबाप घाबरलेले असतात तेव्हा कोणी जमीन विकायला सांगितली तरी विकतात.

शाळेचं काय? वर्ग दुसऱ्या मजल्यावर, बाथरूमला दोन पायऱ्या, आणि सरांचं म्हणणं की त्याला कोणीतरी उचलून नेईल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर रोज उचलून न्यायचं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा एवढंच मागतोय आम्ही, खर्च शून्य, नुसती वर्गांची अदलाबदल. जूनच्या आत हे झालं पाहिजे, अर्ज दिलाय आणि आम्ही मागे लागणार आहोत.

नाशिकमध्ये किंवा सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे कोणाच्या घरी असा मुलगा असेल तर मला इनबॉक्स करा. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आम्ही कोणते कागद जोडले ते सगळं पाठवते.